डॉक्टरांच्या विमानाचं अडतं कुठे

दातांच्या डॉक्टरांनी नऊ वर्षं खपून घरच्या गॅरेजमध्ये बांधलेलं विमान अखेर ट्रकवर चढून धावपट्टीजवळच्या शेडमध्ये आलं, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची स्टिक अडायला लागली.

स्टिक म्हणजे पायलटच्या दोन गुडघ्यांमधून वर येणारी काठी. ती पुढे ढकलली की विमान नाक खाली घालतं, मागे ओढली की वर करतं. डॉक्टरांचं विमान आखूड पंखांचं, निमुळत्या अंगाचं आणि भलतंच वेगवान. अशा विमानांना हळू जायला सांगितलेलं आवडत नाही. वेग जरा उतरला की ती हवेतून अंग काढून घेतात. त्यामुळे उतरताना अगदी चाकं टेकायच्या क्षणी स्टिक पार शेवटपर्यंत मागे ओढावी लागते. ती मध्येच अडली तर पुढचं चाक मोडतं, मग नाकावरचा पंखा, आणि मग पायलटनं काय काय मोडून घ्यायचं हे ज्याच्या त्याच्या नशिबावर. महिनाअखेरच्या रविवारी इन्स्पेक्टर तपासायला येणार होते. स्टिक मोकळी फिरली नाही, तर पहिलं उड्डाण कायमचं लांबणार होतं.

गंमत अशी, की बाहेर उभं राहून हात घालून ओढली तर स्टिक लोण्यासारखी मागे यायची. डॉक्टर आत बसले की चार बोटं अलीकडेच थांबायची.

"तू बस बघू," डॉक्टर मेव्हण्याला म्हणाले. मेव्हणा विमा एजंट होता. आपली कंपनी या विमानाचा विमा उतरवणार नाही हे त्यानं फार पूर्वी, अतिशय प्रेमानं सांगून ठेवलं होतं. तो अंगानं हाडकुळा. तो बसला आणि स्टिक थेट शेवटपर्यंत आली.

"माझ्याकडून तर येतेय, भावोजी."

"तेच म्हणतो मी. दोष लपून बसतोय."

डॉक्टरांनी विचार केला. शिकलेल्या माणसाचा विचार होता, तेव्हा तो चुकला तरी पद्धतशीर चुकला. भारदस्त माणूस बसला की तळाचा पत्रा दबत असणार आणि खालून शेपटीकडे जाणारी तार आवळत असणार. म्हणून त्यांनी तळाला आणखी एक जाड पत्रा ठोकला. त्यामुळे सीट वर उचलली गेली आणि स्टिक आणखी एक बोट अलीकडे अडू लागली. मग दोष शेपटीत असणार असं ठरवून त्यांनी शेपूट खोलली. तिथे काही सापडलं नाही, पण एवढी खोललीच आहे तर सगळं नवं घालावं, म्हणून सगळं नवं घातलं. स्टिक जिथल्या तिथे. मग त्यांनी स्टिकच थोडी पुढे वाकवली. आता मागे ती पूर्ण यायची, पण पुढे गेली की समोरच्या वेग-उंचीच्या घड्याळांच्या काचेवर ठोके द्यायची. एक काच फुटल्यावर ती पुन्हा सरळ केली.

या सगळ्यात डॉक्टरांचं डोकं बहुतेक वेळ विमानाच्या शेपटीत असायचं. शेडच्या पलीकडेच फ्लाइंग क्लब होता, पण त्यांना तिकडचं फक्त ऐकू यायचं. एका रविवारी बाहेर एक विमान इतकं अलगद टेकलं, की चाकांचा नुसता 'चुक' असा आवाज झाला.

"ऐकलंस?" शेपटीतून डॉक्टर म्हणाले. "याला म्हणतात उतरणं. कोण आहे रे हा माणूस? ओळख करून घेतली पाहिजे."

मेव्हण्यानं दारातून बाहेर बघितलं, आणि दार अलगद ओढून घेतलं. "देईन करून कधीतरी," तो म्हणाला.

डॉक्टरांच्या पत्नीनं मात्र या प्रकरणात एकदाही तोंड घातलं नाही. नऊ वर्षांपूर्वी दोघांकडेही उडवायचा परवाना होता. मग गॅरेजमध्ये विमान आलं, आणि डॉक्टर सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यात शिरले ते जेवायलाही बाहेर येईनासे झाले. बिस्किटांचा डबा आत, चहाचा थर्मास आत. विमान हलकं व्हावं म्हणून ते प्रत्येक पट्टीला भोकं पाडायचे आणि वाचलेला भुगा दवाखान्यातल्या काट्यावर तोलून बायकोला कौतुकानं दाखवायचे. ती "छान" म्हणायची. "जरा मोकळ्या हवेत जाऊन येते," असं म्हणून ती दर रविवारी बाहेर पडायची. कुठे, हे डॉक्टरांनी विचारलं नाही. फेव्हिकॉल, रंग आणि पत्र्याच्या वासात माणसाला हवा लागणारच, एवढं त्यांना कळत होतं.

अलीकडे ती एक उशी शिवत होती. जाड, पाठीमागे ठेवायची.

"माझ्यासाठी?" डॉक्टरांनी हुरळून विचारलं. त्यांनी सीटवर बसून ती पाठीशी लावून पाहिली. स्टिक जवळजवळ हललीच नाही. "अगं, फार जाड झाली."

"असू दे. लागेल कुणाला तरी," ती म्हणाली आणि दोरा दातानं तोडला. दाताच्या डॉक्टरांना ते आवडलं नाही.

ठरलेल्या रविवारी इन्स्पेक्टर आले. शांत माणूस. त्यांनी विमानाभोवती फिरून एकेक बोल्ट पाहिला, टिचकी मारून पंख ऐकले आणि खूश होऊन मान हलवली. मग डॉक्टरांना आत बसायला सांगितलं.

"स्टिक मागे."

डॉक्टरांनी ओढली. अडली.

"जोर नका लावू," इन्स्पेक्टर म्हणाले. त्यांनी वाकून आत पाहिलं, आणि स्टिक जिथे थांबली होती तिथे अलगद आपलं बोट ठेवलं. बोट डॉक्टरांच्या शर्टाच्या बटणावर होतं. "डॉक्टर, पोट आत घ्या बघू."

डॉक्टरांनी श्वास ओढून पोट आत घेतलं. स्टिक थेट शेवटपर्यंत आली. मेव्हण्यानं टाळ्या वाजवल्या आणि लगेच हात मागे घेतले.

"छान. आता असंच धरून, वायरलेसवर विचारतात तसं मला विचारा, उतरायला परवानगी आहे का."

डॉक्टरांनी तोंड उघडलं. शब्दांच्या आधी पोट बाहेर आलं, आणि स्टिक पाच बोटं पुढे गेली.

नऊ वर्षांपूर्वी त्यांनी ते विमान स्वतःच्या मापाचं आखलं होतं. विमानानं आपलं माप सोडलं नव्हतं. त्यातून वाचवलेला भुगा कुठे जाऊन बसला, हे डॉक्टरांना आता दिसत होतं, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणि शेवटचं उड्डाण कधी केलंत?" इन्स्पेक्टरांनी हळूच विचारलं.

"मी... बांधत होतो."

"तेच होतं बघा. बांधणारा उडायचं विसरतो, आणि हे विमान विसरभोळ्या माणसाला सांभाळून घेणारं नाही. तुमचं काम मात्र अव्वल आहे. विमान पास." मग ते दाराकडे वळून म्हणाले, "मॅडम, हवा स्थिर आहे. घेता का?"

डॉक्टरांची पत्नी पिशवीतून उशी काढत पुढे आली.

"तू?" डॉक्टर म्हणाले.

"क्लबात अशाच विमानावर दोन वर्षं हात बसवलाय. या सरांनीच शिकवलं."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत. उतरा आता, किती वेळ बसून राहणार?"

विमान धावपट्टीवरून सुटलं आणि बघता बघता ठिपका झालं. डॉक्टरांनी मेव्हण्याचा दंड धरला. नऊ वर्षं त्यांनी प्रत्येक बोल्ट विमानासाठी आवळला होता. त्या बोल्टांवर कुणीतरी माणूस बसणार आहे, आणि तो माणूस म्हणजे आपली बायको असणार आहे, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"डाव्या पंखाचा मागचा बोल्ट," ते म्हणाले, "आवळला होता ना रे मी?"

"दोनदा, भावोजी. दंड सोडा."

मग विमान परत आलं. वेगात आलं, धावपट्टीवर जरासं नाक उचलून थांबल्यासारखं झालं आणि चाकं टेकली. 'चुक.'

डॉक्टरांनी मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हणा आकाशाकडे पाहत होता.

ती खाली उतरली तेव्हा डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी होतं. रागाचं, लाजेचं की जीव भांड्यात पडल्याचं, हे वेगळं काढणं त्यांच्याच्यानं झालं नाही. "कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"सुंदर बांधलंयत. खरंच. फक्त उशी घेऊनही पायाचे पेडल जरा लांब पडतात."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. विमानात दोष होता. पाना घेऊन ते तिथल्या तिथे आडवे होऊन आत शिरले. अर्ध्या तासात त्यांनी पेडल चांगले वीतभर मागे आणले, बोल्ट आवळले, पुन्हा आवळले. मग सवयीनं तपासायला म्हणून स्वतः सीटवर बसले. आता गुडघेही घड्याळांच्या पाटीवर टेकत होते.

या वेळी त्यांनी पाना उचलला नाही. आवाज न करता ते खाली उतरले, हात पुसले आणि उशी नीट पाठीच्या जागी लावून ठेवली.

"झालं गं," ते म्हणाले. "बसून बघ, कुठे अडतंय का."