चंपाषष्ठीच्या आतली शेगडी

ठाण्यात थंडी पडत नाही. ती पडली असं कुणीतरी जाहीर करावं लागतं. आगगाडी सुरू होऊन तीसेक वर्षं झाली होती, त्या काळात कोपरीच्या एका आळीत हे जाहीर करण्याचा मान त्र्यंबकरावांकडे होता. सात वर्षं होता, आणि तो जन्मभर राहील अशी त्यांची समजूत होती.

त्र्यंबकराव मीठ खात्यात कारकून. कचेरीत त्यांना फारसं कुणी विचारत नसे (साहेब चार वर्षांनंतरही त्यांना ‘तो दुसरा’ म्हणे), पण आळीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. शेगडी चंपाषष्ठीलाच पेटवायची, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नेम. चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगंही त्याच दिवशी सुटायचं. मग निखाऱ्यावर भरिताची वांगी भाजायची, आळीतल्या पुरुषमंडळींनी भोवती कोंडाळं करायचं आणि तिथून थेट संक्रांतीपर्यंत दिवेलागणीची बैठक त्र्यंबकरावांच्या ओसरीवर. दिवसभर ‘दुसरा’ असलेला माणूस तेवढे दोन तास पहिला असे.

त्या वर्षी दसऱ्याला समोरच्या घरात दौलतराव बिऱ्हाड घेऊन आले. पोस्टात नोकरी, मूळचे जुन्नरकडचे. गृहस्थ उंच, हसतमुख, आणि (हे त्र्यंबकरावांना विशेष झोंबलं) डोक्यावर सगळे केस असलेले. भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ओसरीवर परातीएवढी बिडाची शेगडी मांडली आणि पेटवली. कुणाला विचारलं नाही, की पंचांग उघडलं नाही.

पहिल्या दिवशी त्र्यंबकराव हसले. “घाटावरची माणसं,” ते बायकोला, कमळाबाईंना, म्हणाले, “खाडीचा वारा जरा लागला की लागली कुडकुडायला. चंपाषष्ठीच्या आत शेगडी म्हणजे मुंजीच्या आधी लग्न!”

दुसऱ्या दिवशी भिवा मुकादम मिठागरावरून येता येता तिथे टेकला. तिसऱ्या दिवशी शेजारचा नाथा गेला. आठवडा संपायच्या आत सगळी बैठक समोर, आणि आपल्या ओसरीवर त्र्यंबकराव आणि पानाचं तबक. समोर कुणी हसलं की त्यांच्या पोटात आग पडे (आळीतली दुसरी शेगडी ती हीच). त्यात कमळाबाई एके संध्याकाळी म्हणाल्या, “दौलतभावोजी कोळसे स्वतः फुंकतात हो! बायकोला उठू देत नाहीत.”

“फुंकू दे. पोस्टात दुसरं काम काय असतं?”

“पण ऊब छान लागते. मी मघाशी हात शेकून आले.”

त्र्यंबकरावांनी त्या दिवशी जेवताना ताक परत पाठवलं. भातही कमी घेतला. कमळाबाईंना वाटलं, पोट बिघडलं. त्यांनी ओव्याचं पाणी दिलं.

आता शेगडी पेटवायची तर नेम आडवा. ज्या तोंडाने ‘मुंजीच्या आधी लग्न’ म्हटलं, त्याच तोंडाने साऱ्या आळीसमोर फुंकर कशी घालायची? पण देव मत्सरी माणसालाही वाट दाखवतो. फराळाची भांडी माळ्यावर चढवताना कमळाबाईंची कंबर धरली. तीन दिवस त्या माजघरात बाजेवर पडून. विहिरीवर नाहीत, की अंगणात नाहीत. त्यातच त्यांना पडसं झालं. त्र्यंबकराव मनातून इतके खूष झाले की त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटली. औषधासाठी पेटवलेली शेगडी नेमात कशी मोडेल? आणि पेटलीच आहे म्हटल्यावर मंडळी आपोआप येतीलच की!

ते तडक परशुराम वाण्याकडे गेले. “बायको आत निजून आहे. शेक द्यायचाय. चांगला घमघमाट सुटेल असं सामान बांधून दे.”

परशुरामाने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, वर हात जोडले आणि पुडा बांधून दिला. “जपा हो त्यांना,” तो म्हणाला. कंबरेसाठी एवढी आपुलकी पाहून त्र्यंबकरावांना भरून आलं.

माळ्यावरची जुनी मातीची शेगडी काढून त्यांनी बाजेखाली सरकवली, निखारे फुलवले आणि पुडा वर मोकळा केला. ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाची सालं, धूप. दाट, गोडसर धूर उठला. खिडकी उघडून वारा कुठे जातो ते धोतराचा सोगा धरून पाहिलं. दौलतरावांकडेच जात होता. मग त्यांनी सूप घेतलं आणि तो धूर समोरच्या ओसरीवर पाठवायला सुरुवात केली. कमळाबाई डोक्यावरून गोधडी घेऊन गाढ झोपल्या होत्या.

समोरचं बोलणं थांबलं. एकेकाने मान वर करून वास घेतला. मग सगळे उठले, दौलतरावसुद्धा, आणि त्र्यंबकरावांच्या फाटकाशी आले. त्र्यंबकराव तबक घेऊन बाहेर धावले. जिंकली लढाई!

“त्र्यंबकराव, आनंदाची गोष्ट हो!” दौलतराव म्हणाले.

“या ना, बसा!”

“छे छे! आता दहा दिवस कसं बसणार?”

“अहो, चंपाषष्ठीचं मनात आणू नका. घरात गरज पडली म्हणून—”

“त्ये समजला,” भिवा मुकादम म्हणाला, “पन या वयान तुमी कमाल केलीव!”

“वयाचं काय घेऊन बसलास? सगळं एकट्याने केलं. कुणाची मदत घेतली नाही.”

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. नाथाने तर पुढे केलेलं पानही घेतलं नाही. “सोयर फिटलं की येऊ,” असं म्हणून तो मागे सरला. सोयर? त्र्यंबकरावांच्या हातातलं तबक तिरकं झालं. ते काही विचारणार, तोच गर्दी बाजूला सारत सखुबाई आल्या. आळीत तीस वर्षं एकही मूल त्यांच्या हाताशिवाय जन्मलं नव्हतं.

“त्र्यंबका, मेल्या, मला बोलावलं नाहीस?” त्या कडाडल्या. “कुणाला आणलंस? शहाडची ती मालन आली होती ना? तिला नाळ तरी धड कापता येते का?”

“सखुबाई, अहो, कसली नाळ?”

पण सखुबाई माजघरात पोचल्या होत्या. पाठोपाठ आतून त्यांचा आवाज आला, “अगं बाई! पोर कुठं आहे?”

यानंतर कमळाबाईंची कंबर एका क्षणात बरी झाली. त्या ताडकन उठून ओसरीवर आल्या, सगळ्या आळीसमोर, गोधडीसकट. “कुणाचं पोर? माझी शालू कल्याणला नांदते, तिलाच दोन आहेत! अहो, काय टाकलंत हे निखाऱ्यावर?”

“परशुरामाने दिलं ते.”

“हा बाळंतिणीचा धूर आहे! माझं नाक बंद आहे, तुमचं काय झालं? तीन पोरांचे बाप ना तुम्ही?”

“तिन्ही वेळा तू माहेरी होतीस,” त्र्यंबकराव पुटपुटले.

आळी जी हसली ती रेल्वेच्या टेशनापर्यंत ऐकू गेली असावी. सखुबाई तेवढ्या हसल्या नाहीत. मालन आली नव्हती ना, हे त्यांनी आणखी दोनदा विचारून घेतलं आणि मगच त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्र्यंबकराव दार लोटून आत बसले होते. तोच कडी वाजली. उघडून पाहतात तर अख्खी बैठक! भिवा, नाथा, परशुराम वाणी, आणि सगळ्यांच्या मागे दौलतराव. मंडळी आपापल्या जुन्या जागी बसली. शेगडी बाहेर आली, पानं फिरली. दौलतराव त्यांच्या ओसरीवर, त्यांच्या निखाऱ्यावर हात धरून बसले होते. याहून जास्त त्यांना या जन्मी काही नको होतं.

“मग, सुरू करा,” नाथा म्हणाला.

“काय?”

“कालचं. पहिल्यापासून. परशुरामाकडे काय मागितलंत तिथून.”

त्र्यंबकरावांनी आधी आढेवेढे घेतले. मग सांगायला बसले. धोतराच्या सोग्याचा भाग तर उभं राहून करून दाखवला. जिथे चुकले तिथे कमळाबाईंनी दाराआडून दुरुस्ती केली. लोक पोट धरधरून हसले. सात वर्षांत त्यांची बैठक इतकी रंगली नव्हती.

हसणं ओसरलं तसे दौलतराव उठले आणि त्यांच्यामागून सगळेच उठले. त्र्यंबकरावांचा चेहरा उतरला. “एवढ्यात निघालात?”

“तुम्हीही चला की!” दौलतराव त्यांचा हात धरून म्हणाले. “माझ्या बायकोने, कलावतीने, ऐकलेलं नाही, आणि तिचे भाऊही आलेत जुन्नरहून. तिथे पुन्हा सांगा. आमची शेगडी मोठी आहे, सगळे मावतात.”

त्र्यंबकराव गेले. त्यांना मधोमध, निखाऱ्यासमोर बसवण्यात आलं, आणि सोग्याचा भाग दोनदा करायला लावण्यात आला. ऊब तिथे खरोखरच छान लागत होती. पण हे त्यांनी कमळाबाईंना शेवटपर्यंत सांगितलं नाही.