हिरवळीवर बसण्याबाबत

भिवंडीतल्या टेमघरच्या 'हरितांगण' सोसायटीत फ्लॅट घेताना यामिनीबाईंनी लिफ्ट पाहिली नाही की पाण्याची वेळ विचारली नाही. दोन इमारतींच्या मधोमध लग्नाच्या मांडवाएवढी हिरवळ होती, ती पाहिली आणि सही केली.

या सहीमागचं कारण त्रेसष्ट वर्षांचं होतं. चौथीत असताना शाळेची सहल ठाण्याच्या एका बागेत गेली होती. भिवंडीच्याच निजामपुऱ्यातल्या पोरीने तोवर हिरवं पाहिलं होतं ते भाजीच्या पाटीत, नाहीतर गटाराच्या काठाला. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली, केसांत कापसाचे तंतू घेऊन शाळेत जाणारी यामिनी त्या गवतावर बसली, तळव्यांना गार गुदगुल्या झाल्या, आणि शिट्टी वाजली. "ए पोरी, ऊठ! गवतावर बसायचं नाय!" एकूण बसणं, अर्धं मिनिट. मरायच्या आधी उरलेलं अर्धं मिनिट बसून घ्यावं, एवढीच बाईंची इच्छा होती.

पहिल्याच संध्याकाळी त्या खाली उतरल्या, तर हिरवळीवर पोरांचं क्रिकेट रंगलेलं. बाईंना वाटलं, आपण बसायच्या आत हे गवत संपणार! चाळीस वर्षं शाळेत मुलांना ओळीत उभं केलेल्या माणसाला अशा वेळी स्वस्थ बसवत नाही. त्यांनी हिरवळ संरक्षण उपसमिती स्थापन केली, अध्यक्षपद नाइलाजाने स्वीकारलं आणि दोन शिट्ट्या आणल्या. एक वॉचमन दामूला दिली, एक स्वतःच्या गळ्यात घातली. पहिल्या ठरावाने खेळणं बंद झालं, दुसऱ्याने चालणं, आणि तिसऱ्याने कडेला उभं राहणं. सावली पडते म्हणून.

तरीही गवत पिवळं पडलं. मग प्रितेश नावाचा लॉनतज्ज्ञ आला. त्याने गुडघे टेकून जमिनीला कान लावला आणि म्हणाला, "मॅडम, ह्या लॉनला श्वास घेता येत नाही. बिल्डरच्या ट्रकांनी माती दाबून टाकलीय. पावसाच्या तोंडावर एरेशन करू, म्हणजे दर चार इंचावर भोक. दिवाळीनंतर वरून थंड देशातलं बी. हिवाळाभर गालिचा!"

"भिवंडीत हिवाळा पंधरा दिवस असतो," बाई म्हणाल्या.

"तेवढे दिवस गॅरंटी."

बागकाम करणारी, पूर्णा गावची मैना खुरपं टाकून हसायला लागली. "मास्तरीणबाय, आमी भात लावायचो तवा कोन इचारत व्हतं जमिनीला, बाय गो, तुला दम लागतोय का? पावसात येतंय, उन्हात जातंय. गवत हाय ते!"

"मैना, हे शास्त्र आहे."

"असंल. माझ्यापाशी खुरपंच हाय."

जूनमध्ये यंत्राने भोकं पाडली. भोकांतून निघालेले मातीचे बोटभर तुकडे लॉनभर पसरले, आणि रात्रीत बकऱ्या कोणी सोडल्या, अशा नऊ लेखी तक्रारी आल्या. 'सदर वस्तू लेंड्या नसून माती आहे' असं परिपत्रक बाईंना काढावं लागलं. नोव्हेंबरात बी पडलं आणि ते खायला चिमण्या जमल्या. चिमण्यांना परिपत्रक लागू होत नसल्याने बुजगावणं उभारलं. कपडे कोणीच देईना, म्हणून बाईंनी आपली शाळेची पांढरी साडी आणि जुना चष्मा दिला. चिमण्या त्याच्या खांद्यावर बसू लागल्या. पोरं मात्र जाता-येता त्याला "नमस्ते बाई" म्हणत. सेक्रेटरींनीही एकदा म्हटलं.

नवं गवत जानेवारीत पोपटी झालं आणि फेब्रुवारीच्या पहिल्या उन्हात गेलं. पुन्हा जून, पुन्हा भोकं, पुन्हा बी. तीन वर्षांनी बाईंनी हिशेब मांडला. भोकांनंतरची विश्रांती, बियांनंतरची विश्रांती आणि उन्हाळ्यातलं मरण वजा जाता हिरवळ बसण्याजोगी असते ती वर्षातून अकरा दिवस. ते अकरा दिवस उपसमितीने पाहुण्यांसाठी राखून ठेवले. बाईंना हे रीतसर वाटलं. त्यांच्या लग्नातला निळ्या फुलांचा कपबशांचा संचही पाहुण्यांसाठीच राखलेला होता, आणि गेली एकावन्न वर्षं त्याच्या तोडीचा पाहुणा आला नव्हता.

पण शहात्तराव्या वर्षी माणसाला घाई असते. चौथ्या जानेवारीत, भर दुपारी, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून बाईंनी चपला काढल्या आणि एक पाय गवतावर ठेवला.

शिट्टी वाजली.

"बाई, ठराव दुसरा," दामू अदबीने म्हणाला. "तुमचीच सही हाय."

"शाब्बास, दामू," बाई म्हणाल्या. शिस्तीचं कौतुक करणं भाग होतं.

चपला हातात घेऊन त्या तशाच फाटकाबाहेर गेल्या. कंपाउंडच्या भिंतीमागे टाकीचा पाइप गळत होता, आणि त्याच्याखाली, कोणी भोकं न पाडता, घोट्याएवढं गवत माजलं होतं. त्यात फतकल मारून मैना भाकरी खात होती.

"बसा की. उभ्यानं काय बघताय?"

बाई बसल्या. तळव्यांना तीच गार गुदगुली. अर्धं मिनिट झालं, मग पाऊण तास. कोणी उठवलं नाही. मैनाने अर्धी भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. एरवी शाकाहारी असलेल्या बाईंनी भाकरी घेतली आणि चटणीकडे बराच वेळ प्रेमाने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बी विंगच्या निवेदिताताईंना आणलं. तिसऱ्या दिवशी सातजणी आल्या, त्यात दोघी खुर्च्या घेऊन. चौथ्या दिवशी पोरांनी स्टंप रोवले. पाचव्या दिवशी बाई आल्या, तर मधलं गवत आडवं झालेलं. त्यांचा हात गळ्याकडे गेला.

शिट्टी ऐकून पोरं पांगली, ताया उठल्या. मैना तेवढी बसून राहिली, घास हातात तसाच.

"मास्तरीणबाय, मंग आता बसायचं कोनी?"

"बसतील ना. पाहुणे आले की."

ज्या वाचकांना बाईंचं हसू आलं असेल त्यांनी पोटभर हसून घ्यावं. नंतर उठून आपल्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक तेवढं काढून पाहावं. कुठून शिट्टी ऐकू आलीच, तर इकडेतिकडे न बघता आधी स्वतःचा गळा चाचपावा.