यांगसंग म्हणजे चांगलं

रोग बरा होण्याआधी रोग्याला तो कळला पाहिजे, हे तत्त्व सर्व प्रगत इस्पितळांना मान्य आहे. (मान्य असणं आणि अमलात आणणं ही दोन वेगळी खाती आहेत.) तोंगयंगच्या इस्पितळात मी एकोणीस वर्षं नोंदणी खात्यात काढली, म्हणून हे अधिकारानं सांगतो.

आमच्या कोरियन भाषेत 'यांगसंग' हा एक काटकसरी शब्द आहे. गाठ निरुपद्रवी असली तरी यांगसंग, तपासणीत रोग सापडला तरी यांगसंग. एकाच शब्दात दोन्ही कामं भागतात.

क्वाक मालसुन, वय अडुसष्ट, बाजारात सुकी मासळी विकायची. छातीत गाठ लागली म्हणून सुईनं पेशी काढून तपासल्या. चार दिवसांनी आमच्याकडून फोन गेला, "यांगसंग आलंय. डॉक्टरांना भेटून जा."

शेजारची कालवंवाली म्हणाली, "माझ्या नणंदेचं पण यांगसंगच होतं. काही नसतं. भेटून जा, असं ते सगळ्यांनाच म्हणतात."

मालसुननं अख्ख्या बाजारात तांदळाच्या वड्या वाटल्या. एक डबा आमच्या खात्यालाही आला. आम्ही खाल्ल्या. (चांगल्या झाल्या होत्या.)

सात आठवड्यांनी ती रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आली, तेव्हा डॉक्टर प्यो म्हणाले, "मावशी, होतात कुठे?"

"दुकानात. यांगसंग आलं ना."

"म्हणूनच विचारतोय."

मग डॉक्टरांनी तिला सोप्या भाषेत समजावलं : कॅन्सर स्थानिक पातळीवर प्रगत आहे, दूरस्थ प्रसार नाही, पाच वर्षांचा जगण्याचा दर ऐंशी टक्के.

"ऐंशी टक्के म्हणजे माझा कुठला भाग?"

"शंभरातल्या ऐंशी बायका पाच वर्षांनी जिवंत असतात, मावशी."

"मग असं बोला की." तिनं गोळ्या पिशवीत टाकल्या. "आणि त्या वड्या... लोकांना आता काय सांगू?"

इस्पितळानं घटनेची गंभीर दखल घेतली आणि 'वैद्यकीय परिभाषा सुगमीकरण समिती' नेमली. चिटणीस मी. अकरा बैठकांनंतर दोनशे चौदा पानांची पुस्तिका निघाली. ती कळावी म्हणून शब्दार्थांची पुरवणी काढली. बाधित प्रतिनिधी म्हणून मालसुनला बोलावलं होतं. डोक्यावरचे केस गेले होते, लोकरीची टोपी घालून आली. तिची सूचना होती, की फोनवर एवढंच सांगा : कॅन्सर आहे, गुरुवारी या. चार शब्दांत परिभाषेचा दर्जा राहत नाही, म्हणून सूचना आभारपूर्वक फेटाळली.

पुस्तिका वाचलेल्यांना आम्ही 'समजलं का?' असं विचारलं. शहाण्णव टक्के लोक 'हो' म्हणाले. उरलेल्या चार टक्क्यांना प्रश्न समजला नाही.

मालसुनची गाठ काढली, औषधं झाली. आज तिसरं वर्ष, ती ठीक आहे. तपासणीला आली की बाहेरच्या बाकावर बसते, आणि बायका आपापले कागद तिच्यापुढे धरतात. "आधी विचार, चांगलं का वाईट," ती सांगते. "कळेपर्यंत मान हलवू नकोस." तिनं अशा सदतीस जणींना परत आत पाठवलं. समितीच्या अहवालात त्या आमच्या लाभार्थी आहेत.

आपण वाचक शिकलेले, आपल्या बाबतीत असं व्हायचं नाही. मागच्या वेळी इस्पितळात ज्या कागदावर सही केलीत, ती आपण वाचूनच केली असणार. कशाकशाला संमती दिलीत, तेवढं फक्त आज घरी एकदा सांगून बघा.