पोस्टमनचा उघडा रविवार

परभणीत कुठलं दार कुठल्या गल्लीत उघडतं, हे बन्सीधररावांना विचारावं. चौतीस वर्षं त्यांनी या शहरात टपाल वाटलं. दोन सायकली झिजल्या, उजवा गुडघा कुरकुरायला लागला, पण पत्ता कधी चुकला नाही. निवृत्त झाल्यावर मुलानं, वैभवनं, त्यांना मोठा फोन घेऊन दिला आणि त्यातला नकाशा दाखवला. बन्सीधररावांनी दोन बोटांनी शहर मोठं केलं, बारीक केलं आणि निकाल दिला, "ह्यात लय चुका हायत."

त्या दुरुस्त करणं हेच मग त्यांचं काम झालं. नकाशा दिवसातून दहा वेळा प्रश्न विचारायचा. अमुक दुकानाला पायरी आहे का? तमुक खानावळ इथंच आहे का? उत्तर दिलं की गुण मिळायचे. सगळ्यात जास्त वेळा एकच प्रश्न यायचा, हे ठिकाण रविवारी उघडं असतं का? बन्सीधरराव बेधडक 'हो' दाबायचे आणि खाली स्वतःच्या शब्दांत लिहायचे, 'रविवारी हमखास उघडे. निश्चिंत या.' या शहरातल्या दुकानांना त्यांनी कधी कुलूप पाहिलेलंच नव्हतं.

"पण रविवारी तुमी कधी घराबाहेर पडला व्हता?" त्यांच्या पत्नी सगुणाबाईंनी एकदा विचारलं. "टपालाला सुट्टी. तुमी दुपारपर्यंत घोरत पडायचे."

"मी झोपलो म्हणून शहर झोपतं का?" बन्सीधरराव म्हणाले आणि आणखी एका गिरणीला 'हो' दाबलं.

वर्षभरात ते नकाशाच्या दरबारात बरेच वर चढले. पुढच्या पायरीसाठी एका खानावळीच्या पाटीचा फोटो हवा होता. त्या रविवारी घरची लाईट गेली, पंखा थांबला, झोप मोडली, म्हणून ते अकराच्या सुमारास इस्त्रीचा शर्ट घालून स्टेशनकडं निघाले.

खानावळीपुढं एक टेम्पो ट्रॅव्हलर उभी होती. लिंबाच्या सावलीत चौदा बायका बसल्या होत्या आणि समोर खानावळीच्या दाराला मुठीएवढं कुलूप होतं. बन्सीधरराव कुलपाकडं बघतच राहिले. वाघ बघावा तसे.

"कुणाची वाट बगायलाव ताई?" त्यांनी चौकशी केली.

"एका माणसाची," चष्मा लावलेल्या, हातात कागदांची चळत धरलेल्या बाई म्हणाल्या. त्या शिवरंजनीबाई, सांगलीच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मैत्रिणींना घेऊन नांदेडची सहल करून परतत होत्या. सकाळी पोखर्णीला नृसिंहाचं दर्शन झालं होतं, संध्याकाळपर्यंत परभणी बघायची होती. "बागेला कुलूप. मिठाईवाल्याला कुलूप. साड्यांच्या दुकानाला कुलूप. आता ही खानावळ. आणि सगळीकडं एकाच माणसानं लिहिलंय, रविवारी हमखास उघडे, निश्चिंत या. बन्सीधर पोस्टमन. ओळखता का तुम्ही याला?"

बन्सीधररावांना ठसका लागला. "नाव ऐकल्यासारखं वाटतंय."

"भेटला तर सांगा त्याला. मी तीस वर्षं वह्या तपासल्या. इतकी चुकीची उत्तरं इतक्या आत्मविश्वासानं कुणी लिहिली नव्हती."

पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी पर्समधलं शेवटचं बिस्किट काढलं. "मला साखरेचा त्रास आहे हो. बारा वाजले की हात थरथरतात." बिस्किट धरलेला हात आताच थरथरत होता. बन्सीधररावांनी त्या हाताकडं पाहिलं, मग घड्याळाकडं.

"एक वाजायच्या आत तुमाला गरम भाकरी खाऊ घालतो," ते बोलून गेले. "परभणीत आलेला माणूस उपाशी जात न्हाई."

"भलं होवो तुमचं," म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. "नाव काय आपलं?"

"आश्रुबा," बन्सीधरराव म्हणाले. मेव्हण्याचं नाव होतं. घाईत तेच सापडलं.

खानावळीचं मागचं दार बोळात उघडतं हे त्यांना पाठ होतं. मालकीण चांगुणाबाई मागंच राहायची. गिऱ्हाईक सगळं कचेऱ्यांतलं आणि कॉलेजातलं, शनिवारी संध्याकाळी ते गावाकडं पळायचं, म्हणून रविवारी तिची चूल थंड. बन्सीधररावांनी कडी वाजवली.

दार उघडलं आणि शिकेकाईनं माखलेलं डोकं बाहेर आलं. "मला वाटलंच. रविवार हाय न्हवं, कडी वाजायचीच. वरीस झालं, माझं न्हाणं सुखानं व्हइना. पुण्याचा माणूस येतो, अकोल्याचा येतो, आन् म्हणतो, मावशी, थाळी केवढ्याला? कुण्या मुडद्यानं लिवलंय म्हणं फोनात, की मी उघडी असती."

"चांगुणाबाई, जरा हळू बोला," बन्सीधरराव कुजबुजले. "ते मीच लिवलंय."

चांगुणाबाईला हळू बोलणं जन्मात जमलं नव्हतं. "बन्सीधर पोस्टमन! तुमी व्हय ते?"

तो आवाज बोळातून स्टेशनापर्यंत गेला असावा. बन्सीधररावांनी मागं वळून पाहिलं. शिवरंजनीबाई आणि आठ-नऊ बायका त्यांच्या पाठोपाठ बोळात आल्या होत्या.

"आश्रुबा?" शिवरंजनीबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं.

"माझ्या मेव्हण्याचं नाव हाय ते."

चांगुणाबाईच्या डोक्यावरची शिकेकाई टपटप गळत होती. बासष्ट वर्षांचे बन्सीधरराव वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखे भिंतीला टेकले.

"ताई, खोटं लिवायचं मनात नव्हतं," ते म्हणाले. "चौतीस वर्षं मी सोमवार ते शनवार हिंडलो. रविवारची परभणी आजच बगायलोय. गावात एवढी कुलपं असतील हे मला खरंच म्हैत नव्हतं. शिक्षा काय ती द्या, पण त्या म्हाताऱ्या बाईच्या पोटात काही पडू द्या आधी."

चांगुणाबाईनं त्यांच्या खांद्यावरून बोळाच्या तोंडाशी भिंतीला धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईंकडं पाहिलं. राग गेला नाही, पण चुलीकडं वळला. "आत बसवा त्यांना. दूध देते, केळं देते. पण भाकरी कशाची थापू? ज्वारी पोत्यानं हाय, पीठ चिमूटभर न्हाई. गिरणी रविवारी बंद. का ती बी उघडी म्हणून लिवलाव?"

बन्सीधररावांनी मान डोलावली. लिहिलं होतं.

मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "जातं असलं तर?"

"आता जातं कुठाय कुणाकडं?"

"मला म्हैत हाय कुठाय."

शिवरंजनीबाईंनी कागद चाळले. "जुन्या अवजारांचं संग्रहालय. मोट, तिफण, जाती. इथंही तुमचंच आहे, रविवारी हमखास उघडे. म्हणजे बंद."

"बंद हाय," बन्सीधररावांनी कबूल केलं. "पण त्याची चावी कुण्या घरात हाय, हे नकाशाला ठावं न्हाई. मला हाय."

ज्वारीची पिशवी खांद्यावर घेऊन पुढं पोस्टमन आणि मागं सांगलीच्या तेरा बायका, अशी वरात दोन गल्ल्या ओलांडून गेली. संग्रहालय एका तेलाच्या व्यापाऱ्यानं हौसेनं मांडलं होतं, दोन खोल्यांचं. राखणदार बसवराजअप्पा बारशाला ताडकळसला गेले होते. घरी त्यांच्या पत्नी सिद्धम्मा होत्या. दार लावलेलं होतं. बन्सीधररावांनी सवयीनं आरोळी दिली, "रजिस्टर!"

सिद्धम्मा पदराला हात पुसत, सही करायच्या तयारीनं बाहेर आल्या. मग थबकल्या. "पोस्टमनदादा, तुमी तर रिटायर झालाव. कशाचं रजिस्टर?"

त्यांनी सगळं सांगितलं. स्वतःचा मूर्खपणाही वगळला नाही. सिद्धम्मांनी बायकांकडं पाहिलं, ज्वारीकडं पाहिलं आणि देवळीतली चावी काढली.

आत प्रत्येक वस्तूवर पाटी होती, 'हात लावू नये.' सिद्धम्मांनी जात्यावरची पाटी उचलून खिडकीत ठेवली. "आमचे ह्ये सगळ्यांना सांगतात, हे जातं दोनशे वर्सांचं हाय. माझ्या सासूचं हाय ते. पंधरा वर्सं मी दळलंय ह्याच्यावर. रोज झाडती इथं, पण मला कुणी एक शब्द इचारत न्हाई."

"आम्ही विचारतो," शिवरंजनीबाई म्हणाल्या आणि जमिनीवर मांडी घालून बसल्या.

मग सिद्धम्मा बोलायला लागल्या त्या थांबेनात. जातं पुसलं, खुंटा ठोकला, पहिली दोन मुठी ज्वारी दळून टाकून दिली. दोन जाती, जोडीजोडीनं बायका. कुणाच्या बांगड्या अडकल्या, कुणाचा दम निघाला, एकीनं आईकडून ऐकलेली ओवी म्हणून बघितली आणि दुसरी ओळ आठवेना, तर ती सिद्धम्मांनी पुरी केली. मोटेत बैल कसा वळायचा हे त्यांनी दोन बायकांना जुंपून दाखवलं. बन्सीधररावांना तिफण धरायला लावलं. सांगलीच्या बायका एवढ्या हसल्या की शेजारच्या खिडक्या उघडल्या.

पीठ घेऊन परतले तेव्हा चांगुणाबाईनं ओले केस गुंडाळून चूल पेटवली होती. पिठलं रटरटत होतं, खलबत्त्यात ठेचा होता. दोन तव्यांवर भाकऱ्या सुरू झाल्या. एक वाजायचा शब्द दिला होता, दीड वाजला, पण कुणी तक्रार केली नाही. म्हाताऱ्या बाईंनी ठेच्याचं बोट चाटलं आणि म्हणाल्या, "माझा हात बघा, कसा थाऱ्यावर आला."

तेवढ्यात दारात चार विद्यार्थी दिसले. रविवारी वसतिगृहाचं जेवण बंद, बिस्किटांवर दिवस काढणारी मुलं. त्यांच्यामागं स्टेशनवरचे दोन हमाल, त्यांच्यामागं एक औषधविक्रेता. वासानं आलेली माणसं. चांगुणाबाईनं आधी कपाळाला हात लावला, मग सगळ्यांना बसवलं. अडीचपर्यंत पंचवीसेक पानं उठली. बन्सीधरराव वाढत होते, गुडघा विसरून.

जेवणानंतर शिवरंजनीबाईंनी लाल पेन काढलं आणि यादी तपासली. खानावळीपुढं बरोबर, संग्रहालयापुढं बरोबर, बाकी सगळीकडं फुली.

"सोळापैकी दोन," त्या म्हणाल्या. "लेखी परीक्षेत तुम्ही नापास आहात, बन्सीधरराव."

"मान्य हाय."

"पण तोंडी परीक्षेत पहिले आलात. मी अजिंठा-वेरूळ तीनदा बघितलंय. तिथं मला कुणी जातं ओढू दिलं नाही."

चांगुणाबाईनं रिकामी परात उलटी करून झटकली. "आजपासून रविवारी उघडं," ती म्हणाली. "सुट्टी सोमवारी. न्हाणं सोमवारी करीन. लिवा काय लिवायचं ते."

बन्सीधररावांनी फोन काढून आपलं जुनं वाक्य पुन्हा वाचलं. लिहिलेलं खरं व्हायला एक वर्ष लागलं होतं, पण झालं होतं.

निघायची वेळ झाली. "फोटो काढू या सगळ्यांचा," शिवरंजनीबाई म्हणाल्या. सिद्धम्मांना मुद्दाम बोलावून घेतलं. टेम्पोपुढं ओळ लागली, मधोमध चांगुणाबाई हातात उलथनं घेऊन. बन्सीधररावांनी खिशातून कंगवा काढला, केस मागं फिरवले, कॉलर सारखी केली आणि मधल्या मोकळ्या जागेकडं निघाले.

"बरं झालं, तुम्ही आलात," शिवरंजनीबाईंनी त्यांच्या हातात आपला फोन दिला. "जरा लांबून घ्या, सगळ्या मावल्या पाहिजेत."

त्यांनी चार फोटो घेतले. एकात अंगठा आला, बाकीचे तीन झकास आले. त्यातला एक त्यांनी स्वतःच्या फोनवर मागून घेतला.

संध्याकाळी त्यांनी सगळी हकीकत सगुणाबाईंना पहिल्यापासून सांगितली आणि शेवटी फोटो पुढं धरला. सगुणाबाईंनी चष्मा लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"ह्यात तुमी कुठं हाय?"

"मी काढलाय न्हवं," बन्सीधरराव छाती पुढं काढून म्हणाले. "पण बग की, सगळ्याजणी कुणाकडं बगून हसायल्यात?"

सगुणाबाईंनी फोटो पुन्हा एकदा नीट पाहिला.

"ते कळायलंय मला," त्या म्हणाल्या.