पाठीवरचं शिंगरू

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या अख्ख्या किनाऱ्यावर त्या रविवारी माझ्याइतका सुरक्षित माणूस पाण्यात उतरला नसेल. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

माझ्या पाठीवर एक सोडून दोन सिलिंडर होते. एक नेहमीचा मोठा, आणि त्याला बिलगून बांधलेला तीन लिटरचा पिटुकला, संकटासाठी. पाणबुडे त्याला पोनी म्हणतात, म्हणजे शिंगरूच.

हे शिंगरू घरात आलं ग्लेनिसमुळे. ग्लेनिस माझी बायको आणि पाण्याखालची जोडीदार. आमच्या किनाऱ्यालगत एक जुनं जहाज बुडालेलं आहे. त्याच्या पार मागच्या टोकाला, सुकाणूखाली, निळा डेव्हिल मासा राहतो. तीन उन्हाळे ग्लेनिसला तो बघायचाय. पण मी श्वास घेतो म्हशीसारखा. जहाजाच्या मध्यावर पोचेपर्यंत माझी हवा सरते, आणि जोडीदार वर निघाला की दुसऱ्यानंही निघायचं, हा नियम. गेल्या वेळी तर मी तिच्याच हवेवर वर आलो. बोटीत ती एवढंच म्हणाली, "क्लाइव, आणखी एकदा अर्ध्यातून परतलो, तर पुढच्या रविवारी मी लॉरेनबरोबर जाणार."

लॉरेन आमच्या क्लबची सेक्रेटरी. ती श्वास घेते की नाही अशी शंका यावी, इतकी तिची हवा पुरते. पण ग्लेनिसच्या शेजारची जागा माझी आहे. ती लॉरेनला द्यायची माझी मुळीच तयारी नव्हती.

दुकानदारानं आधी थर्मासएवढा सिलिंडर दाखवला. "हा एका शिंकेला पुरेल," मी म्हणालो. मग सहा लिटरचा दाखवला. तो बांधला असता तर मी कासवासारखा उताणा तरंगलो असतो. तीन लिटरवर तोडगा निघाला.

"आता मोठ्यातली हवा शेवटच्या थेंबापर्यंत बिनधास्त वापरता येईल," घरी आल्यावर मी म्हणालो.

"असला हिशेब करायचा नसतो," ग्लेनिस म्हणाली. "आणि तो समोर लटकव, डाव्या बगलेखाली. डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो, किती हवा उरली तो काटाही वाचता येतो."

"समोर? तान्ह्या बाळासारखा?"

मी तो पाठीवरच घेतला. दोन पोलादी पट्टे आवळून मोठ्याला असा जखडला की हलायची बिशाद नाही. त्याचा बारकासा काटा माझ्या मानेमागे गेला, म्हणजे वाचायचा तर माशांनीच.

"श्वास घ्यायचं माउथपीस तरी वेगळं कर. दोन्ही काळी आहेत. शिंगराच्या माउथपीसला पिवळी टोपी लाव."

"अगं, माझं माउथपीस मला ओळखता येणार नाही?"

आमच्या क्लबात सोनेरी रंग दिलेलं एक कमोडचं सीट आहे. बुडीत सगळ्यात मोठा गाढवपणा करणाऱ्यानं ते गळ्यात घालायचं आणि दुसरा गाढव सापडेपर्यंत घालून मिरवायचं. तेव्हा ते आमच्या कप्तान मर्वच्या गळ्यात होतं. त्यानं दोर न बांधताच नांगर टाकला होता.

"क्लाइव, सगळं तपासलंस ना?" मर्वनं सीट सरळ करत विचारलं.

"माझी काळजी करू नकोस, मर्व. शिंगरू आहे," असं म्हणून मी उडी मारली.

खाली पाणी गार आणि हिरवं होतं. जहाजाच्या नाकापाशी मी मोठ्या सिलिंडरचा काटा पाहिला. दोनशे, पूर्ण भरलेला. धुराड्यापाशी पाहिला. दोनशे! माझा मलाच अभिमान वाटला. ग्लेनिसनं हातानं विचारलं, किती? मी ऐटीत दाखवलं. ती जवळ आली, काट्याच्या काचेवर टिचकी मारली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला ते कौतुक वाटलं. तिनं पुन्हा काहीतरी खुणावलं, पण मी तिला मागच्या टोकाकडे चल म्हणून खूण केली आणि पाय मारले. आज मासा दाखवणारच होतो.

सुकाणू धूसर दिसू लागलं आणि श्वास जड झाला. पुढचा अर्धाच आला. त्याच्या पुढचा आलाच नाही.

माझी पाचावर धारण बसली. डोक्यावर एवढं पाणी, काटा म्हणतोय हवा काठोकाठ, आणि छातीत काही शिरत नाही. म्हणजे मोठा सिलिंडर बिघडला! मी तोंडातलं माउथपीस फेकलं, गळ्यातल्या रबरात अडकवलेलं शिंगराचं ओढलं आणि दातांत धरलं. हवा आली. असा गोड श्वास मी जन्मात घेतला नव्हता.

अंगठा वर करून मी ग्लेनिसला निघायची खूण केली. तिनं एकदा सुकाणूकडे पाहिलं आणि माझा पट्टा धरला.

वर येताना काट्यावर नजर गेली आणि उरलासुरला धीरही सुटला. इतका वेळ न हललेला काटा आता उतरायला लागला होता. मोठा सिलिंडर गळत होता! आणि शिंगरातली हवा ती केवढी? खोलातून आलेलं अंग सावरायला पाण्याच्या पृष्ठभागाखाली नांगराच्या दोराला धरून थांबावंच लागतं. ती तीन मिनिटं मी घोट घोट श्वास घेत काढली. दोनदा दोर सोडून वर पळायला निघालो, दोनदा ग्लेनिसनं खाली ओढलं. मी मनातल्या मनात तिची माफी मागून घेतली. शेडची किल्ली कुठे ठेवलीय तेही तिला सांगायचं राहिलं होतं.

बोटीवर चढल्या चढल्या मी सगळ्यांना गोळा केलं. "मोठ्यानं दगा दिला! शिंगरू होतं म्हणून वाचलो!"

ग्लेनिसनं मी शेवटी दातांत धरलेलं माउथपीस उचललं आणि त्याचं बटण दाबलं. हवा फुस्सकन सुटली. ती दाबतच राहिली आणि मोठ्या सिलिंडरचा काटा सर्वांसमोर उतरत गेला. मग तिनं दुसरं दाबलं. काहीच नाही.

पाण्यात उतरल्यापासून मी शिंगराचीच हवा पीत होतो. संकटात ज्यानं वाचवलं तो माझा मोठा सिलिंडर होता, जवळजवळ भरलेला.

मर्वनं आनंदानं गळ्यातलं सीट काढलं आणि माझ्या गळ्यात घातलं.

"तुला केव्हा कळलं?" मी ग्लेनिसला हळूच विचारलं.

"काटा हलायला लागला तेव्हा."

"मग परत का नाही वळलीस? हवा तर भरपूर होती. मासा..."

"तुझे डोळे बघितले होते मी," ती म्हणाली. "मासा कुठे पळतोय?"

मला भरून आलं. आता लॉरेनचं नाव निघणार नाही, असंही वाटलं.

पुढच्या रविवारी ती लॉरेनबरोबर गेली. शिंगरूही गेलं. तिनं ते समोर लटकवलं होतं, डाव्या बगलेखाली, पिवळी टोपी लावून. मी बोटीवर सॉसेज भाजत होतो. दोघी वर आल्या.

"दिसला?"

"दिसला."

"कुठे होता?"

ग्लेनिसनं केस पिळले. "आपण मागे फिरलो ना, तिथून चार हात पुढे."

मी सॉसेज उलटायला वाकलो आणि सीट तव्यावर आपटलं. त्या रविवारी कोणीच गाढवपणा केला नव्हता.