आईच्या चुलीवर सतरा कोफ्ते

डॉक्टर म्हणाले, "यांना हलकं काहीतरी खाऊ घाला," आणि मी म्हणालो, "घालतो." एवढ्या एका शब्दापायी माझी काय गत झाली, ते ऐका.

फसली तेराशे एकावन्नचा हिवाळा होता, म्हणजे इंग्रजी बेचाळीसचा जानेवारी. मी उदगीरच्या तहसील कचेरीत अहलकार होतो. (अहलकार म्हणजे कारकूनच; पण अहलकार म्हटलं की छाती दोन बोटं फुगते.) माझी बायको सिंधु नऊ दिवस हिवतापानं अंथरुणाला खिळलेली. पेजेच्या चार घोटांपलीकडं पोटात काही ठरत नव्हतं. बांगड्या मनगटावरून कोपराकडं घरंगळायला लागल्या होत्या.

"कोंबडीचं काही मऊ करून द्या," डॉक्टर दारात चप्पल घालता घालता म्हणाले. "आज पोटात गेलं नाही, तर उद्या बीदरच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल."

आता हे करणार कोण? घरमालक शरणप्पा लिंगायत. त्यांच्या बायकोनं, उमादेवींनी, नऊ दिवस मला दोन्ही वेळा जेवू घातलं; पण कोंबडीचं नाव काढलं की त्या 'शिवा शिवा' म्हणून कानांवर हात ठेवायच्या. आम्हाला मांस शिजवायचं असेल, तर ते परसातल्या पडवीत, वेगळ्या चुलीवर, अशी घर घेतानाच बोली झाली होती. ती चूल माझ्या आईची. आईला जाऊन आठ महिने झाले होते आणि तेव्हापासून ती पेटली नव्हती.

घरात कुणी आजारातून उठत असलं, की आई कोंबडीचे कोफ्ते आणि शेवया करायची. शेवया उकडून निथळायच्या आणि वर कोफ्त्यांचा पातळ रस्सा ओतायचा. खाताना मी हजार वेळा पाहिलं होतं. करताना एकदाही नाही. तरी म्हटलं, जमाबंदीच्या कागदावर उर्दूत शेरा मारणाऱ्याला गोळे वळता येऊ नयेत?

कचेरीतून लवकर निघालो, खाटकाकडून कोंबडी साफ करून आणली आणि दिवस कलायच्या सुमारास पडवीत शिरलो. चुलीवर कोळ्यानं जाळं धरलं होतं. फुंकणी कोनाड्यात आईनं ठेवली तशीच होती. पाट्यावर मांस वाटायला घेतलं. वरवंटा एकदा मांसावर पडे, एकदा अंगठ्यावर. सिंधुची खाट भिंतीच्या पलीकडच्या खोलीत होती. भिंतीत वर वीतभर झरोका, त्यातून तिचं कण्हणं ऐकू येई. मला बरं वाटायचं. कण्हतीय म्हणजे आहे.

सतरा कोफ्ते वळले. एकसारखे, गोल. (माझ्या आयुष्यातलं हे एकमेव सुबक काम.) रस्सा उकळला, तसे एकेक करून आत सोडले, उरलेलं मांस पाट्यावरच राहू दिलं आणि झाकण ठेवलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून सिंधु स्पष्ट आवाजात बोलली. "आई, तिकडं धुरात कशाला बसल्या? इकडं या की."

माझ्या हातातली पळी थांबली.

"सिंधु, कुणाशी बोलून राहिलीस?"

"आईंशी. तुमच्या मागंच तर बसल्यात."

मी मागं वळून पाहिलं नाही. (शूर माणसं वळून पाहतात. मी अहलकार.) नऊ दिवसांचा ताप आहे, डोक्यात गेला असेल, असं मनाशी म्हणालो आणि हाताला काहीतरी काम हवं म्हणून झाकण काढलं.

पातेल्यात एकही कोफ्ता नव्हता.

पळी तळापर्यंत घातली, गरगर फिरवली. रस्सा होता, वाफ होती, सतरा कोफ्ते नव्हते. पडवीत मी एकटा. मांजर नाही, कुत्रं नाही, परसाचं दार लावलेलं. तोच झरोक्यातून सिंधुचा आवाज आला, संथ आणि बारीक.

"आई म्हणतात, फुटाण्याचं पीठ घातलं न्हाई. विरघळले सारे."

झरोक्यातून पातेलं दिसत नाही. मी तोंडातून शब्द काढला नव्हता.

"आई म्हणतात, उरलेल्या मांसात मूठभर पीठ घाला. अन् मीठ आता नका घालू, दोनदा पडलंय."

ते दोनदा पडलं होतं हेही मला तेव्हाच कळलं. पाट्यावरचं उरलंसुरलं मांस गोळा केलं, फुटाण्याचं पीठ घातलं. सात कोफ्ते झाले. सोडले. तरंगले. मी चुलीसमोर हात जोडले.

त्या चुलीसमोर काय झालं माझं, सांगता येत नाही. धूर डोळ्यांत गेला म्हणा. आई गेली त्या दिवशी सकाळी तिनं मला म्हटलं होतं, आज कचेरीत जाऊ नको. आमचे वरिष्ठ, पेशकार, रागावतील या भीतीनं मी गेलो. परत आलो तेव्हा उमादेवी तिच्या उशाशी बसल्या होत्या आणि समई लावलेली होती. आठ महिने ते मी कुणाशीही बोललो नव्हतो.

"आई," मी म्हणालो, "माझं चुकलं. मी थांबायला पाहिजे होतं. पेशकार काय, दोन शिव्या दिल्या असत्या."

पलीकडं शांतता. चूल नुसती धगधगत होती. मला वाटलं, माफी मिळत नाही, म्हणजे अजून काहीतरी राहिलंय कबूल करायचं.

"अन् सिंधुच्या बहिणीच्या लग्नाला शिरूर अनंतपाळला गेलो नाही, रुखसत नामंजूर झाली म्हणालो, ते खोटं होतं. मी रजेची दरख्वास्त दिलीच नव्हती. मेव्हण्यांसमोर कुस्तीच्या गप्पा मारायचं जिवावर आलं होतं. सिंधुला सांगू नको, पण हिला घेऊन जाऊ नको. तुझ्या पाया पडतो. हिला ठेव."

"किशनराव!"

मी उडालोच. परसाच्या कुंपणापाशी उमादेवी हातात कंदील घेऊन उभ्या होत्या. मांसाचा विटाळ नको म्हणून पदर नाकाला लावलेला.

"कुणाशी बोलून राहिलात?"

"आईशी," मी म्हणालो.

त्यांनी पडवीत नजर टाकली. मग पदर हळूच नाकावरून खाली घेतला आणि हवा हुंगली.

"अय्यो," त्या पुटपुटल्या, "वास त्यांच्याच हातचा हाय." आणि कंदील घेऊन अशा पळाल्या, की त्यांची एक चप्पल आमच्या परसात राहिली.

आता शेवया. गेल्या चैत्रात आईनं वळलेल्या दोन मुठी डब्याच्या तळाशी होत्या. त्या संपवायला आम्हा दोघांचाही जीव होत नसे. पाणी ठेवलं आणि शेवया आत टाकणार, तोच झरोका बोलला: "आई म्हणतात, पाणी उकळू द्या आधी. लगदा होईल."

थांबलो. उकळू दिलं. टाकल्या. कधी काढायच्या ते कळेना, म्हणून झाकणाला हात घातला. आणि त्या क्षणी, झरोक्यातून नव्हे, माझ्या उजव्या कानाशी, चुलीच्या बाजूनं, सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला:

"तुला जमायचं न्हाई रे, किशन्या."

झाकण हातातून पडलं. बोट भाजलं. तरी शेवया निथळल्या, कशा ते मला विचारू नका, आणि ताट घेऊन मी पडवीतून जो निघालो तो थेट सिंधुच्या खाटेशी.

ती उशीला टेकून बसली होती. कपाळ घामानं डबडबलेलं. हात लावला तर गार! ताप उतरला होता. मी घास भरवला. तिनं डोळे मिटून चावला, गिळला. दुसरा घास मागितला. तिसरा. सातपैकी पाच कोफ्ते तिनं खाल्ले आणि शेवटी बोटं चाटली. मी तिथंच जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडलो.

"आईनं वाचवलं तुला," मी म्हणालो.

सिंधुनं बोटं पदराला पुसली. मग म्हणाली, "एक सांगू? रागावू नका. पहिल्यांदा बोलले ते तापात. आई दिसल्या खऱ्या. पण मंग घाम फुटला, डोकं हलकं झालं, अन् मी पडल्या पडल्या ऐकून राहिले."

"काय ऐकून राहिलीस?"

"सारं. मिठाच्या बरणीचं झाकण दोनदा वाजलं. पिठाचा डबा वाजलाच न्हाई. पळी नुसती फिरून राहिली, कोफ्त्याला कुठं अडंना. लगदा झाला हे आंधळ्यालाबी कळलं असतं."

"मग 'आई म्हणतात' कशाला?"

"मी म्हणलं असतं तर ऐकलं असतं का तुम्ही?"

मी ताट उगाच सरळ केलं. मग एकदम दुसरी गोष्ट डोक्यात आली आणि कानशिलं तापली. पडवीतून झरोक्याकडं आवाज तसाच जातो, जसा झरोक्यातून पडवीकडं येतो.

"लग्नाचं..." मी चाचरलो.

"तेबी ऐकलं," सिंधु शांतपणे म्हणाली. "बरी झाले की बोलू. लई बोलू."

मी विषय बदलायच्या घाईनं म्हणालो, "पण ते शेवटचं बोलायला नको होतंस तू. किती भ्यालो मी!"

"शेवटचं कोणतं? शेवया उकळत्या पाण्यात टाका म्हणाले, मग गप पडले."

"त्याच्यानंतर. माझं नाव घेऊन बोललीस ते!"

सिंधुनं कपाळाला आठ्या घातल्या. "तुमचं नाव? मी?" तिनं पदर तोंडावर घेतला. "तापात बी घेतलं न्हाई मी कधी. नवऱ्याचं नाव कशी घीन?"

खरंच. आठ वर्षांच्या संसारात तिनं माझं नाव उखाण्यातसुद्धा एकदाच, तेही पाच बायकांनी दार अडवल्यावर घेतलं होतं. आणि 'किशन्या' तर मला या जगात एकच माणूस म्हणायचं.

पडवीत चुलीतलं लाकूड चट्कन फुटलं. सिंधुनं माझा हात घट्ट धरला. तिचा हात आता माझ्यापेक्षा गरम होता. मीच गार पडलो होतो.

"काय म्हणाल्या?" तिनं हळूच विचारलं.

आठ महिन्यांनी माझी आई परलोकातून एवढी वाट तुडवत आली आणि माझ्याशी एकच वाक्य बोलली. ते वाक्य मी सिंधुला जसंच्या तसं सांगितलं.

तिनं ताटाकडं पाहिलं, माझ्या भाजलेल्या बोटाकडं पाहिलं, अंगठ्याच्या काळ्यानिळ्या नखाकडं पाहिलं.

"मंग," ती म्हणाली, "खोटं काय बोलल्या त्या?"