अल्बिनाबाईंचा अर्ध्यावरचा झेंडा

पेल्टनच्या बँकेचा झेंडा रोज सकाळी व्हर्लिन सेडलाचेक स्वतः चढवत असे. मॅनेजरने हे करावं असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण गावात कुणी अंगाबाहेर टाकलेलं काम फिरत फिरत व्हर्लिनकडे यायचं आणि तिथेच मुक्काम ठोकायचं. पोरांच्या बेसबॉलला पंच हाच, चर्चच्या शुक्रवारच्या जेवणाला मासे तळायला हाच, शवपेटीला सहावा खांदा कमी पडला तर तोही याचाच. ‘नाही’ हा शब्द त्याला ठाऊक होता, पण त्याच्या तोंडून तो कधी कुणी ऐकला नव्हता.

त्या दिवशी दोरी कप्पीत अडकली. झेंडा अर्ध्यावर गेला आणि थांबला. वर जाईना, खाली येईना. व्हर्लिनने हिसडे दिले, खांबाला दोन थापा मारून पाहिल्या, शेवटी शिडीवाल्या गाडीसाठी वीज कंपनीला फोन केला आणि तो विषय सोडून दिला. त्याला आज दुसराच घोर होता. दुपारी ओमाहा शहरातल्या एका मोठ्या बँकेची माणसं पेल्टनची बँक विकत घ्यायला येणार होती.

बँक सासूबाईंची होती. अल्बिनाबाईंनी फोनवर शब्द देऊन टाकला होता आणि रविवारी भाजलेल्या बदकाचा तुकडा तोडता तोडता जावयाला तसं सांगितलंही होतं.

“कुणासाठी ठेवायची ही बँक? पूर्वी रस्त्यानं निघाले की दहा जण थांबून विचारायचे. आता मी मेले तरी या गावात कुत्रं विचारणार नाही.”

“तसं नाही हो, आई.”

“तुला विचारतात रे सगळे. तू फुकट आहेस ना!” बाई म्हणाल्या. “आता बोलू नकोस. जिवात जीव आहे तोवर मी शब्द मोडत नाही.”

व्हर्लिनची झोप मात्र उडाली होती. ओमाहावाले आले की कर्ज द्यायचं की नाही हे ओमाहात ठरणार, आणि ‘नाही’ सांगायचं काम मात्र त्याच्या गळ्यात पडणार. ज्यांच्या पोरांना त्याने चेंडू झेलायला शिकवलं त्यांनाच दारातून परत पाठवायचं!

इकडे समोरच्या बियाण्यांच्या दुकानातून ऑर्व्हिलने झेंडा पाहिला आणि डोक्यावरची टोपी काढली. ऑर्व्हिल विचारी माणूस. कुणी पुढारी गेला असता तर पोस्टाचाही झेंडा उतरला असता. तो तर टोकाला फडकत होता. म्हणजे बँकवाल्यांच्या घरातलंच कुणीतरी. व्हर्लिन आत्ताच खांबाशी झटत होता. त्याची बायको जॅनिस शाळेत शिकवायला जाताना दिसली होती. मग उरलं कोण? ऑर्व्हिल रस्ता ओलांडून आला आणि त्याने व्हर्लिनचा हात हातात घेतला.

“कळलं रे,” तो हळू आवाजात म्हणाला.

बँक विकण्याची बातमी फुटली, असं व्हर्लिनला वाटलं. “इतक्यात कळलंसुद्धा?”

“गाव आहे बाबा. लपतं थोडंच?”

“त्यांच्या मनानंच घेतलं होतं, ऑर्व्हिल. मी कोण अडवणार?”

“कुणाच्या हातात असतं ते! कधी उरकताय?”

“आज दुपारी.”

“आजच?” ऑर्व्हिल जरा दचकला. “असू दे. ताटकळत ठेवण्यात तरी काय अर्थ आहे? मी बायकांना सांगतो, जेवणाचं त्या बघतील.”

व्हर्लिनला हे थोडं चमत्कारिक वाटलं. पण पेल्टनमध्ये हॅमच्या सँडविचशिवाय कुठलंच कार्य होत नाही, तेव्हा पाहुण्यांना चार घास घालण्यात वावगं काय, असं म्हणून तो कागद आवरायला लागला.

जॅनिसच्या घराला कुलूप, त्यामुळे दुःखाच्या घरी न्यायची जेवणाची भांडी बँकेतच येऊ लागली. नूडल्सची आली, बटाट्याची आली, जेलीत गोठवलेल्या गाजरांची आली. परत करायला सोपं जावं म्हणून प्रत्येकाच्या बुडाला नावाची चिकटपट्टी होती. काउंटर भरलं. फर्न कॅशियर भांड्यांआड दिसेनाशी झाली आणि जो येईल तो व्हर्लिनची पाठ थोपटू लागला. शेवटी फादर हायनेक आले.

“व्हर्लिन, त्यांना कुठल्या पोशाखात ठेवायचं? निळा शोभायचा.”

“कुणाला?”

“अरे, अल्बिनाबाईंना.”

व्हर्लिनने खिडकीतून झेंड्याकडे पाहिलं आणि त्याला सगळा घोटाळा उमगला. तोंड उघडणार तोच मागचं दार उघडून अल्बिनाबाई आत आल्या. निळ्याच पोशाखात.

फर्न खुर्चीत बसली. फादरनी छातीवर क्रूस काढला. बाईंनी काउंटरवर नजर फिरवली.

“कोण गेलं?”

व्हर्लिनने बाहेरच्या झेंड्याकडे बोट दाखवलं. “तुम्ही, आई. म्हणजे दोरी अडकली, आणि मग...”

आता आभाळ कोसळणार म्हणून त्याने खांदे आखडून घेतले. पण बाई एकेक भांडं उचलून बुडाखालची नावं वाचू लागल्या.

“रोझ. इस्टरला हिला टाकून बोलले होते मी, तरी आणलंन. जेलीत गाजरं, म्हणजे बर्निस, वाचायला नको.” त्यांनी ते भांडं छातीशी धरलं. “एवढं सगळं माझ्यासाठी?” त्यांनी ते खाली ठेवलं. “आणि एर्नाचं?”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. अल्बिनाचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, दाराला अडसर म्हणून लावायला बरे, असं एर्ना चर्चच्या स्वयंपाकघरात एकदा म्हणाली होती. तेव्हापासून दोघी एकाच बाकावर बसत, पण बोलत नव्हत्या.

तेवढ्यात एर्नाच आली. डोळे सुजलेले, हातात खसखशीच्या सारणाच्या कोलाचेंचं ताट. अल्बिनाबाईंना पाहून ती जागच्या जागी थबकली.

“तू जिवंत आहेस?” ती म्हणाली. “मग मी हे परत नेते.”

“ठेव मुकाट्यानं.”

एर्नाने ताट ठेवलं. दोघींनी एकमेकींकडे पाहायचं टाळलं, पण खुर्च्या शेजारीशेजारीच ओढल्या.

आणि ओमाहाची माणसं आली. दोघे होते, करड्या सुटातले. बाहेरचा झेंडा, आत रडवेले चेहरे आणि फादर पाहून त्यांनी हॅट काढल्या. बाईंशी त्यांचं जे काही झालं होतं ते फोनवरच.

“आम्ही अल्बिनाबाईंना भेटायला आलो होतो,” थोरला चाचरत म्हणाला.

व्हर्लिन पुढे सरसावला, पण सासूबाईंनी त्याची बाही धरली.

“गेल्या हो त्या,” अल्बिनाबाई म्हणाल्या. “आज सकाळीच.”

फादर छताकडे पाहू लागले. ऑर्व्हिलने मोठ्याने नाक शिंकरलं.

“अरेरे. त्यांनी शब्द दिला होता आम्हाला.”

“तो त्यांच्याबरोबर गेला. आता या जावयाला विचारा.”

सगळ्या बँकेचे डोळे व्हर्लिनवर खिळले. त्याने भांड्यांकडे पाहिलं, ऑर्व्हिलकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडून तो शब्द बाहेर पडला.

“नाही,” तो म्हणाला. “बँक विकायची नाही.”

म्हणून झाल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं, की त्याने लगेच पाहुण्यांना जेवायला बसवलं. थोरल्याने बशी मांडीवर घेऊन अल्बिनाबाईंना अदबीने विचारलं, “कशा होत्या हो त्या?”

“मी काय सांगू? हिला विचारा.” त्यांनी एर्नाकडे बोट दाखवलं.

एर्नाने कोलाचेंचं ताट पाहुण्यांपुढे सरकवलं.

“हट्टी होती,” ती म्हणाली. “तोंडाची फटकळ. पण कोलाचे माझ्यापेक्षा चांगले करायची.”

अल्बिनाबाईंनी रुमालात तोंड लपवलं आणि त्यांचे खांदे हलू लागले. थोरल्याने बशी खाली ठेवली आणि हलकेच त्यांचा हात थोपटला. “धीर धरा, बाई,” तो म्हणाला. “अशी माणसं पुन्हा होत नाहीत.”